उद्या नागपूरच्या मिहानला मुलाखत आहे? मग आज रात्री एवढं करा

जावाच्या जागेसाठी मुलाखत असेल, तर आदल्या रात्री सगळं पुस्तक उलथत बसू नका. थ्रेडवरचे (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांवरचे) प्रश्न कुठूनही सुरू होवोत, फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात: झोपलेला थ्रेड जागा झाल्यावर नेमकं काय होतं?

आधी कागद घ्या आणि एकाच खणाची रांग हाताने लिहा: एक थ्रेड माल टाकतो, दुसरा काढतो. लॅपटॉप बंद ठेवा, फळ्यावर ऑटोकम्प्लीट नसतं. मेथड सिंक्रोनाइज्ड, म्हणजे ऑब्जेक्टचं लॉक हाती असलेला एकच थ्रेड एका वेळी आत; आत वेट (झोपणं) आणि नोटिफायऑल (झोपलेल्या सगळ्यांना हाक). मग तपासा, वेट ज्या ऑब्जेक्टवर बोलावलंय त्याचंच लॉक हाती आहे ना? नसेल तर इल्लीगल मॉनिटर स्टेट एक्सेप्शन येतं. हा नियम का, तेही सांगता आलं पाहिजे. रांग रिकामी आहे हे पाहणं आणि झोपणं यांच्या मधल्या फटीत कोणी नोटिफाय केलं (झोपलेल्या एकाला हाक दिली), तर ती हाक वाया जाते आणि पहिला झोपूनच राहतो. लॉकमुळे ती फट बुजते. वेट झोपताना लॉक सोडतं, स्लीप सोडत नाही, हा प्रश्न लागूनच येतो.

आता तपासणीच्या जागी इफ लिहिलं असेल तर खोडा, व्हाइल लिहा, म्हणजे जागं झाल्यावर पुन्हा तपासलं जातं. कारण विचारलं की पोरं ‘स्प्युरियस वेकअप’ (हाक नसताना येणारी जाग) म्हणून मोकळी होतात. खोटं नाही, पण अर्धंच. नोटिफाय केल्याने लॉक मिळत नाही. जागा झालेल्याला ते पुन्हा मिळवावं लागतं, आणि तेवढ्यात तिसराच आत शिरून माल नेऊ शकतो. तर्रीपोह्याच्या ठेल्यावर ‘या भाऊ, प्लेट तयार’ अशी हाक येते आणि आपण बाकावरून उठेस्तोवर आत्ता आलेला कोणी तिच्यावर शेव टाकत असतो, तसंच. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांच्या १९७४ च्या मॉनिटरमध्ये (लॉक आणि झोप-हाक एकत्र बांधणाऱ्या रचनेत) हे होत नसे: हाक देणारा मॉनिटर थेट झोपलेल्याच्या हवाली करायचा, म्हणून तिथे इफ चालून जायचं. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्राच्या मेसा भाषेत हाक ही नुसती सूचना ठरली. लॅम्पसन आणि रेडेल यांनी १९८० मध्ये ते मांडलं, आणि जावा त्याच वळणावर गेली. एवढं सांगितलंत तर पुढचे दोन प्रश्न समोरचा स्वतःच गिळतो.

नोटिफाय की नोटिफायऑल, यावरही कागदावर एक उदाहरण करून ठेवा. टाकणारे आणि काढणारे एकाच ऑब्जेक्टवर झोपले असतील, तर नोटिफाय चुकीच्या जातीच्या थ्रेडला उठवू शकतं. तो तपासतो, पुन्हा झोपतो, आणि मग सगळेच झोपलेले. इथून रीएंट्रंट लॉककडे वळा, जो २००४ साली जावा ५ बरोबर आला. त्याला दोन कंडिशन (झोपण्याच्या वेगवेगळ्या रांगा) लावता येतात, एक ‘जागा आहे’ची, एक ‘माल आहे’ची. अनलॉक मात्र फायनलीमध्येच, म्हणजे मध्येच एक्सेप्शन आलं तरी लॉक सुटतं. शिवाय कंडिशनवर अवेट आणि सिग्नल लिहा, वेट आणि नोटिफाय नव्हे. चुकून वेट लिहिलं तरी कंपायलर हूं की चूं करत नाही, कारण ती मेथड प्रत्येक ऑब्जेक्टकडे असते. फटका चालवताना बसतो. आणि प्रत्यक्ष कामात काय वापराल असं विचारलं, तर सरळ जावाची तयार रांग, अॅरे ब्लॉकिंग क्यू म्हणा. तिच्या पोटात हेच आहे, एक लॉक आणि दोन कंडिशन. स्वतः लिहिण्याची हौस ऑफिसात कोणाला नको असते.

व्हेरिएबलला लावायच्या व्होलाटाइल या शब्दावर फार वेळ घालवू नका. ताजी किंमत दिसते, पण काउंट प्लस प्लस सुरक्षित होत नाही, बस. डेडलॉकसाठी (थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट पाहत कायमचे अडकणं) दोन लॉक उलटसुलट क्रमाने घेणारा छोटा प्रोग्राम मुद्दाम अडकवा आणि त्यावर जावाबरोबर येणारा जेस्टॅक टूल चालवा. कोण कोणाच्या लॉकवर अडलंय ते तो नावानिशी दाखवतो. नुसतं वाचलेल्याला हे सांगताना चाचपडायला होतं.

कागदपत्रं रात्रीच पिशवीत टाका. सीताबर्डीहून ऑरेंज लाइनने खापरीला उतरायचं, पण कंपनीचं गेट तिथून पुढे आहे, तो वेळ धरा.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतील. तेव्हा पगाराआधी त्यांची जावा कितवी ते विचारा. जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड (जावा स्वतःच सांभाळते असा हलका थ्रेड) सिंक्रोनाइज्डच्या आत अडला की खालचा खरा थ्रेडही अडकून पडायचा, २४ मध्ये ते सुटलं. ते २१ वर असतील, तर सिंक्रोनाइज्डच्या जागी रीएंट्रंट लॉक घातलाय का, हा प्रश्न तुमचा.