साध्या ट्रॉलरच्या मॉडेल-किटमधून दुसऱ्या महायुद्धातली गस्ती नौका कशी बनवावी

1939 ला युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश नौदलाला पाणबुड्या शोधायला आणि समुद्रातले सुरुंग काढायला लहान जहाजं कमी पडत होती, म्हणून हल, ग्रिम्स्बी अशा बंदरांतले मासेमारी ट्रॉलर शेकड्यांनी ताब्यात घेतले, पुढे तोफ चढवली, मागे डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्बचे ड्रम, लावले आणि वर माणसं पण बरीचशी मच्छीमारच. या गस्ती ताफ्याचं मुख्यालय इंग्लंडमधल्या लोवेस्टॉफ्टला होतं. यातल्या ‘लेडी शर्ली’ने 4 ऑक्टोबर 1941 ला कॅनरी बेटांजवळ यू-111 ही जर्मन पाणबुडी बुडवली आणि तिच्यावरचे 44 जण कैदी म्हणून जिब्राल्टरला आणले. अशी बोट करायला घेताना एकच गोष्ट धरून ठेवा, खालची मासेमारी बोट दिसत राहिली पाहिजे.

आधी ठरवा की बोट पाणबुडीविरोधी करायची की सुरुंग काढणारी. सुरुंग काढणारीला मासेमारीचा विंच तसाच ठेवायचा, कारण जाळ्याच्या दोराऐवजी स्वीपची, म्हणजे सुरुंग काढायची, वायर त्यावरच ओढायचे. पाणबुडीविरोधी असेल तर मागे डेप्थ चार्जचे रेल आणि बाजूला ते फेकणारे थ्रोअर हवेत. मग त्या बोटीचे फोटो जमवा, शक्यतो एकाच वर्षातले, कारण दर दुरुस्तीत काहीतरी नवीन चढायचं.

स्केल 1/72 घेतला तर बरं, साधारण 50 मीटरची बोट 70 सेंमीला येते. शिवाय याच स्केलमध्ये फ्लॉवर क्लास कॉर्व्हेट या लहान युद्धनौकेचं किट आहे, त्यातली 4 इंची तोफ, थ्रोअर, कार्ली फ्लोट (जीव वाचवायचे तराफे) कुणाकडे उरले असतील तर मागून घ्या.

आता कापाकापी. जाळं ओढायच्या लोखंडी कमानी, म्हणजे गॅलोज, काढून टाका पण डेकवर त्यांच्या बुडाच्या पट्ट्या राहू द्या, मला तर मॉडेलमधली हीच जागा सगळ्यात आवडते. मासे साठवायच्या खणात युद्धात खलाशांची झोपायची सोय केली जायची, त्यामुळे तिथल्या झाकणाजवळ एखादी शिडी, एखादा हवेचा पाइप लावा.

तोफेसाठी नाकावर उंच गोल प्लॅटफॉर्म लागतो. अर्धा मिमी प्लास्टिक शीट कापा, खाली टेकू द्या, कडेला रेलिंग. तोफेमागे तीन-चार माणसं उभी राहून गोळे भरू शकतील एवढी जागा आहे का ते 24 मिमीचा पुतळा ठेवून बघा, 1/72 ला माणूस तेवढाच होतो, आणि जागा नसेल तर प्लॅटफॉर्म मोठा करा, तोफ लहान करू नका.

डेप्थ चार्ज विकत घ्यायची गरजच नाही. खरा ड्रम साधारण 45 सेंमी जाड आणि 70 सेंमी लांब असायचा, म्हणजे 6 मिमीचा प्लास्टिक रॉड 10 मिमीच्या तुकड्यांत कापला की झालं. कापलेली तोंडं पॉलिश पेपरवर सपाट घासा आणि रेलवर आडवे, एकामागोमाग एक, असे ठेवा.

यानंतर चुंबकी सुरुंगांपासून बचावाची डिगॉसिंग केबल. बऱ्याच बोटींवर ती बोटीच्या अंगाच्या बाहेरूनच फिरवलेली दिसते, तिथे जुन्या चार्जरमधली बारीक तांब्याची तार सुपरग्लूने चिकटवा, मध्ये मध्ये कागदाच्या पातळ क्लिपा द्या. ब्रिजच्या दोन्ही बाजूंना लुईस मशीनगन. वायरलेसची एरियल मेणबत्तीवर ताणलेल्या स्प्रूची, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिची, करा, दोऱ्याचे केस निघतात ते या स्केलला दोरखंडासारखे दिसतात.

रंगाला सरळ ग्रे मारून मोकळं होऊ नका. आधी व्हीलहाऊस लाकडी रंगात रंगवा, वर ग्रे पातळ मारा आणि दारांच्या कडेला किंचित घासून लाकूड दिसू द्या. या बोटी बहुतेक कोळशावर चालायच्या, म्हणून चिमणीच्या मागच्या बाजूला काजळी हवीच, आणि नांगराच्या भोकापासून व पाणी जायच्या खाचांपासून गंजाचे ओघळ सरळ खाली, आडवे कधीच नाही. किटमधले एच (हल) किंवा जीवाय (ग्रिम्स्बी) हे बंदराचे डेकल, म्हणजे चिकटवायची अक्षरं, लावू नका. ताब्यात घेतलेल्या बऱ्याच ट्रॉलरवर एफवाय आणि पुढे आकडा असायचा, तुमच्या बोटीचा आकडा फोटोत वाचता आला तरच घाला, नाहीतर बोटीचं अंग कोरं ठेवलेलं चालेल. सगळ्यात शेवटी मागच्या काठीला ब्रिटिश नौदलाचा ‘व्हाइट एन्साइन’ झेंडा (नुसता पांढरा नव्हे), ओल्या टिश्यूचा करा म्हणजे घड्या नीट पडतात.