सदनिकेच्या करारनाम्यात विकासकाच्या कसुरीची कलमे कशी वाचावीत

महाराष्ट्रात बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात सदनिका घेताना करारनाम्याचा मसुदा पैसे भरण्याआधीच मागून घ्यावा, कारण 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन व विकास) कायद्यानुसार करार नोंदवल्याखेरीज विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही आणि मसुद्यातील शब्द बदलून घेण्याची खरी ताकद खरेदीदाराच्या हाती तेवढाच काळ असते.

मसुद्यात पहिल्यांदा ताब्याची तारीख शोधावी. तिथे दिवस, महिना आणि वर्ष लिहिलेले असावे. ‘परवानग्या मिळाल्यापासून 36 महिने’ अशी वाक्यरचना असेल तर कसूर नेमकी कधी झाली हे ठरवताच येत नाही. ताबा म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रानंतरचा (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला मिळाल्यानंतरचा) ताबा, हेही स्पष्ट लिहून घ्यावे, कारण त्याआधीच ‘फर्निचरसाठी ताबा’ देऊन विलंबाचे घड्याळ थांबवण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. मुदतवाढीची कारणे कोणती दिली आहेत तेही तपासावे. महाराष्ट्राच्या 2017 च्या रेरा नियमांसोबतच्या आदर्श करारनाम्यात युद्ध, नागरी अशांतता, नैसर्गिक आपत्ती आणि शासनाचे किंवा न्यायालयाचे आदेश एवढीच कारणे आहेत. मजुरांचा तुटवडा किंवा सिमेंटची टंचाई त्यांत घुसडलेली दिसली तर ती काढून टाकण्याचा आग्रह लेखी धरावा.

यानंतर दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत: हप्ता थकल्यास खरेदीदाराने द्यायचे व्याज आणि ताबा लांबल्यास विकासकाने द्यायचे व्याज. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे दोन्ही दर समान असले पाहिजेत आणि महाराष्ट्रात तो दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेच्या निधीखर्चावर ठरणारा कर्जाचा आधारदर) अधिक 2 टक्के. तरीही काही मसुद्यांत विकासकाच्या वाट्याला ‘दर चौरस फुटास दरमहा 5 रुपये’ अशी निरुपद्रवी दिसणारी ओळ येते. 700 चौरस फुटांच्या घराला तिच्या हिशेबाने महिन्याला 3,500 रुपये मिळतील. त्याच घरासाठी 60 लाख भरले असतील आणि दर समजा 10 टक्के धरला, तर व्याज महिन्याला 50,000 रुपये होते. अशा एकतर्फी अटी खरेदीदारावर बंधनकारक ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये गुरुग्राममधील एका प्रकल्पाच्या खटल्यात म्हटले आहे. पण निकालाच्या भरवशावर सही करण्यापेक्षा ओळ बदलून घेणे केव्हाही स्वस्त.

कसूर झालीच, तर रेरा कायद्याचे कलम 18 दोन वाटा देते. प्रकल्पातून बाहेर पडून सव्याज परतावा मागता येतो, किंवा घर कायम ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज घेता येते. परताव्याचा हक्क बिनशर्त असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले, त्यामुळे ‘रद्द केल्यास 10 टक्के कपात’ ही अट विकासकाच्या कसुरीला लागू होणार नाही असे करारात वेगळे नमूद करून घ्यावे.

ताबा घेतेवेळी पुढे केल्या जाणाऱ्या ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ अशा पत्रावर सही करण्यापूर्वी विलंबाच्या व्याजाची मागणी रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावी. विकासकाने दाद दिली नाही, तर 5,000 रुपये शुल्क भरून महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते.