पदवीचा प्रबंध: लिहायला बसण्याआधीची तयारी

प्रबंध करायचा म्हटलं की मुलं आधी शीर्षक शोधतात. शीर्षक अगदी शेवटी ठरलं तरी काही बिघडत नाही. आधी हवा तो प्रश्न. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं. त्यातल्या प्रबंधाला १२ क्रेडिट आहेत. म्हणजे काम एका वर्षाचं, आणि वर्षात मावेल एवढाच प्रश्न घ्यायचा.

‘गोव्यातील मिठागरे’ हा विषय झाला. त्यावर आयुष्यभर लिहिता येईल. तो लहान करत न्या. आधी तालुका: पेडणे. मग गाव: आगरवाडा. मग माणसं: ज्या कुटुंबांनी मिठागर सोडलं ती. आता विचारा, ‘आगरवाड्यातल्या या कुटुंबांनी मिठागर का सोडलं?’ गावात कुणालाही विचारलं तर उत्तर येईल की कामाला माणसं मिळत नाहीत. तेवढ्यावर थांबलात तर प्रबंध चार पानांत आटोपेल. २००६ पासून आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आहे. त्याचा या कुटुंबांच्या विक्रीवर परिणाम झाला का? की त्याआधीच बांध फुटून आगर पडून राहिले होते? एकाच घटनेची दोन-तीन कारणं समोर ठेवून त्यांतलं कोणतं किती खरं हे तपासता आलं, की प्रश्न जमला असं समजा. उत्तर आधीच ठाऊक असेल तर दुसरा प्रश्न घ्या.

प्रश्न पक्का करण्याआधी त्याचं साहित्य तुमच्या हाताला लागतं का ते बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि डिसेंबरात अडकतात. सुरुवात पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयापासून करा. १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात गोव्याविषयीची पुस्तकं आणि जुनी वर्तमानपत्रं मिळतात. ग्रंथपालांना नुसता विषय सांगू नका, तुमचा प्रश्न सांगा. मग ते तुम्हाला नेमक्या कपाटापाशी नेतात. इतिहासाचं काम असेल तर पणजीचं पुराभिलेखागार आणि पर्वरीचं झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्र आहे. मात्र १९६१ च्या आधीचे बरेचसे सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये आहेत आणि जुने मराठी कागद मोडीत. दोन्हींपैकी काहीच वाचता येत नसेल तर त्या कागदांवर उभा राहणारा प्रश्न घेऊ नका. वर्षभरात मोडी शिकून प्रबंधही पुरा करणं फार थोड्यांना जमतं.

आधी कुणी या विषयावर काम केलंय का, हे ‘शोधगंगा’वर पाहा. तिथे देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात. पूर्ण वाचायची गरज नाही. प्रस्तावना, शेवटचं प्रकरण आणि संदर्भसूची वाचा. संदर्भसूचीतूनच पुढची दहा पुस्तकं सापडतात. सरकारी आकडा कुठेच मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, म्हणून अर्ज पहिल्याच महिन्यात जायला हवा.

आता वेळापत्रक. ते विषयाच्या हंगामावर बेतायचं असतं. पावसाळ्यात मिठागर पाण्याखाली असतं, तेव्हा ते दिवस वाचनाला द्या. पाऊस सरला की आगरात बांधांची डागडुजी सुरू होते आणि साधारण जानेवारीनंतर मीठ धरू लागतं. प्रत्यक्ष काम बघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चचे दिवस मोकळे ठेवा. त्यांच्या घरी जाऊन घ्यायच्या मुलाखती त्याआधीच उरकून घ्या. उन्हात मीठ ओढणाऱ्या माणसाला प्रश्नावली वाचून दाखवू नये.

मुलाखतीला जाताना कॉलेजचं पत्र घ्या. रेकॉर्डिंगची परवानगी आधी मागा, नाव छापायचं की बदलायचं तेही विचारा. बोलणं कोंकणीतून होईल. त्यांचे शब्द आहेत तसेच लिहून घ्या, मराठी करायचं काम नंतर घरी. पहिला प्रश्न ‘का सोडलं?’ असा नको. ‘तुमच्या बापायच्या वेळी किती कोंडे (मिठाचे वाफे) होते?’ इथून सुरू करा, म्हणजे माणूस हळूहळू स्वतःच ‘का’कडे येतो.

टिपणाची शिस्त पहिल्या दिवसापासून हवी, यावर माझा सगळ्यात जास्त भर असतो. प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर तारीख, जागा, कोण बोललं किंवा कोणतं पुस्तक आणि पान क्रमांक. खाली तीन वेगळ्या गोष्टी: त्यांचे जसेच्या तसे शब्द अवतरणचिन्हांत, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं, आणि तुम्हाला काय वाटतं ते दुसऱ्या रंगाच्या पेनाने. उदाहरणार्थ: ‘व्यापारी आता येत नाही’ हे आजीचं वाक्य; ओसरीत जुन्या गोणी रचून ठेवल्या आहेत हे तुम्ही पाहिलेलं; ‘व्यापारी यायचा बंद झाला तो २००६ च्या आधी की नंतर? पुन्हा विचारणे’ हे तुमचं. या तीन गोष्टी एकमेकांत मिसळल्या की मार्चमध्ये स्वतःचंच टिपण परकं वाटू लागतं आणि दुसऱ्याचं वाक्य नकळत आपलं म्हणून छापलं जातं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पण त्या आकड्याच्या भरवशावर राहू नका. उसनं घेतलेलं एकच वाक्य असलं तरी ते कुणाचं हे सांगायलाच हवं. संदर्भ साठवायला झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर आहे. मराठी पुस्तकांची नोंद त्यात हाताने भरावी लागते, तेवढा वेळ धरून चाला.

गाइडकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. एक पान न्या: प्रश्न, काय वाचलं, काय सापडलं, कुठे अडलं. ‘सर, पुढे काय करू?’ याला कुणीच नीट उत्तर देऊ शकत नाही. ‘या दोन मुलाखती एकमेकींशी जुळत नाहीत’ म्हणालात तर तासभर बोलणं होतं.

लिहिताना प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका. ज्या मुलाखतीने तुमचं आधीचं मत हललं, तिच्याबद्दल दोन पानं लिहा. ती पानं गाइडला दाखवा, त्यांच्या खुणांनुसार सुधारा, आणि मगच प्रकरणांची यादी करायला घ्या.