गायकावर माहितीपट करताय? या चुका टाळा

हल्ली माहितीपट संपला की प्रेक्षक लगेच मोबाइल काढतो. तुम्ही गाळलेली गोष्ट त्याला तिथे सापडली, की आधीच्या दीड तासातल्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास राहत नाही. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या माहितीपटाचं नेमकं हेच होतं.

गोष्ट मोठी झकास आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉईटचा गायक सिक्स्टो रॉड्रिग्ज याचे १९७० आणि १९७१मध्ये दोन अल्बम आले, अमेरिकेत कुणी विचारलं नाही, पठ्ठ्या घरांच्या तोडफोड-डागडुजीच्या कामाला लागला. तिकडे वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेत गोरी तरुण पोरं त्याच्या गाण्यांवर फिदा. स्टेजवरच त्यानं जीव दिला, अशी वदंता. चाहते शोध घेतात, तो जिवंत निघतो आणि १९९८मध्ये केपटाऊनच्या भरगच्च सभागृहात गातो. मलिक बेंडजेलूलच्या या माहितीपटाला २०१३मध्ये ऑस्कर मिळालं.

आता गाळलेला भाग. रॉड्रिग्ज ऑस्ट्रेलियातही लोकप्रिय होता. १९७९मध्ये त्यानं तिथे दौरा केला, १९८१मध्ये ‘मिडनाइट ऑइल’ या तिथल्या रॉक बँडबरोबर पुन्हा गेला, तिथल्या कार्यक्रमांचा लाइव्ह अल्बमही निघाला. माहितीपटात यातलं अवाक्षर नाही. दोन अल्बमनंतर थेट अंधार, आणि मग केपटाऊन!

मला याचा राग येतो तो लपवाछपवीपेक्षा वाया घालवलेल्या प्रसंगामुळे. ऑस्ट्रेलियात हा माणूस माईकसमोर उभा, आणि जगानं वाळीत टाकलेल्या दक्षिण आफ्रिकेत त्याच्या नावानं सुस्कारे. ही दोन दृश्यं शेजारी ठेवली असती, तर गोष्ट आणखी रंगली असती. म्हणून मुलाखतींआधीच वर्षवार तक्ता करा. एखादं वर्ष तुमच्या गोष्टीला आडवं येत असेल तर ते खोडू नका. निवेदनात दोन वाक्यं द्या. तेवढ्यानं शेवट पडत असेल, तर शेवटच कच्चा आहे.

याच माहितीपटात पैशाचा प्रश्न असाच हवेत सुटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या कंपन्या म्हणतात, रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला गायकाचा वाटा, अमेरिकेला पाठवली. कॅमेरा रॉड्रिग्जचे अल्बम काढणाऱ्या ससेक्स रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीच्या मालकापर्यंत, क्लॅरेन्स अवान्टपर्यंत पोचतो, तो उखडतो आणि विषय तिथेच संपतो. समोरचा चिडला म्हणजे उत्तर मिळालं असं नाही. करारपत्रं, विक्रीचे हिशेब मागा. मिळाले नाहीत तर कुणी दिले नाहीत, ते पडद्यावर सांगा.

कलाकाराचं स्वतःचं बोलणं पुरावा म्हणून वापरणं, ही आणखी एक चूक. ‘निर्वाणा’ या अमेरिकी रॉक बँडचा दिवंगत गायक कर्ट कोबेन याच्यावरच्या २०१५च्या ‘कर्ट कोबेन: माँटाज ऑफ हेक’ या माहितीपटात शाळकरी वयातला एक अत्यंत खासगी प्रसंग कर्टच्याच टेपवरून अ‍ॅनिमेशनमध्ये रंगवलाय. पुढे त्याचा जुना दोस्त, ‘मेल्व्हिन्स’ बँडचा बझ ऑस्बोर्न म्हणाला, असं काही घडलंच नव्हतं. खरंखोटं कर्टलाच ठाऊक. पण नुसत्या टेपवर ‘तो असं सांगतो’ एवढंच राहतं, चित्र काढलं की ते घडल्यासारखं दिसतं. अशा वेळी त्या काळातला दुसरा साक्षीदार शोधा. त्याच माहितीपटात निर्वाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोलची मुलाखत नाही, ही उणीवही डोळ्यांत भरते.

कॅमेऱ्याची सबब मात्र सांगू नका. पैसे संपल्यावर बेंडजेलूलनं काही भाग आयफोनवरच्या स्वस्त अ‍ॅपनं चित्रित केला आणि ते दिसूनही येत नाही.

गाणी दहा-दहा सेकंदांत कापून त्यावर कुणाचं तरी ‘तो ग्रेट होता’ चिकटवू नका. निदान एक गाणं पूर्ण वाजू द्या. बरेचदा गाणं कापलं जातं ते हक्कांच्या खर्चामुळे, म्हणून हे काम चित्रीकरणाआधी उरका. रचनेचे, म्हणजे शब्द-चालीचे, हक्क बहुधा संगीत-प्रकाशकाकडे असतात आणि ध्वनिमुद्रणाचे रेकॉर्ड कंपनीकडे. एकाची परवानगी हातात आली म्हणून एडिटिंगला बसलात, तर दुसऱ्याच्या नकारानं अख्खा प्रसंग उचकटावा लागतो.