कंपनीचं बिनव्याजी गाडीकर्ज: फेडायचं की पैसे साठवायचे?

मी नाशिकला एका कारखान्याच्या पगार विभागात बसते. बोनस जमा झाला की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, गाडीचं कर्ज एकदम फेडून टाकू का?"

आधी पगारपत्रक काढा. कर्ज बिनव्याजी असलं तरी आयकरवाले स्टेट बँकेच्या 1 एप्रिलच्या दराने व्याज मोजतात आणि ते तुमच्या उत्पन्नात धरतात. (ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला सूट आहे.) समजा, बाकी 3 लाख, दर 9 टक्के: वर्षाचे 27,000. तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससकट (करावरच्या उपकरासकट) कर साधारण 8,400, म्हणजे बाकी कर्जाच्या 2.8 टक्के. हप्ते कापले जातील तसा तोही उतरतो. तेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर कर जाऊन साडेचारच्या आसपास सुटतात. मग घाई कशाला?

क्रेडिट कार्ड थकलंय? मग बोनस आधी तिकडे, बाकी गप्पा नंतर.

नोकरी बदलायचं मनात असेल तर त्या एफडीला हात लावू नका. राजीनामा दिला की बहुतेक कंपन्या बाकी रक्कम शेवटच्या हिशेबातून एकदम कापतात. कर्ज फिटलं की, आरसीवर कंपनीचा बोजा असेल तर तो आरटीओत उतरवून घ्या. फॉर्म 35 वर कंपनीचीही सही लागते.