खत टाकण्याआधी माती बघा

आमची एक पट्टी ओढ्याकाठची काळी, दुसरी माळावरची मुरमाड. दोन्हीकडं युरिया सारखाच टाकायची चूक मी बरीच वर्षं केली. माळावरचा मका महिन्याभरात पिवळा पडायचा, जीव तुटायचा बघून.

युरियाचं आधी अमोनियम होतं. त्यावर धन भार, चिकणमातीच्या कणांवर ऋण. म्हणून काळी माती त्याला धरून ठेवते. पुढं काही आठवड्यांत त्याचं नायट्रेट होतं. ते ऋण भाराचं, पाणी जाईल तिकडं जातं. मुरमाडात पाणी भराभर उतरतं, म्हणून तिथं युरिया तीन-चार हप्त्यांत द्या, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, आणि लगेच हलकं पाणी. मोठा पाऊस दिसत असेल तर थांबा. पालाश म्हणजे पोटॅश, तेही तिथं विभागूनच. काळ्या रानात मात्र पाणी साचू देऊ नका. मातीतली हवा संपली की नायट्रेटचा वायू होऊन उडून जातो.

स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, वेगळंच. चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते कॅल्शियमशी बांधलं जातं, खताच्या दाण्यापासून फारसं सरकतच नाही. फेकू नका. दोन चाड्यांच्या पाभरीनं, म्हणजे बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या पेरणीच्या अवजारानं, बियाण्याच्या बाजूला, थोडं खाली पेरा.