कोळ्यांच्या प्रजातींची हद्द ठरवताना

कोळ्याची प्रजाती रंगावरून ओळखता येते हा समज आधी सोडून द्यावा. रंग आणि नक्षी वयानुसार बदलतात, अल्कोहोलमध्ये तर उडूनच जातात. बहुतेक कोळ्यांची ओळख पटते ती जननेंद्रियांवरून: नराचा पाल्प, म्हणजे तोंडाजवळचा शुक्र पोहोचवणारा पायासारखा अवयव, आणि मादीची एपिगाइन, म्हणजे पोटाच्या खालच्या बाजूची कडक जननपट्टी. दोन्ही शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण घडतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणचे निदान दोन-तीन प्रौढ नर आणि माद्या हव्यातच. पिल्ले मात्र टाकून देऊ नका. डीएनए त्यांच्यातही असतो.

पहिला घोळ अल्कोहोलचा. ९५ टक्के इथेनॉलमध्ये डीएनए टिकतो, पण कोळी ठिसूळ होतो आणि पाय गळतात. ७५ टक्क्यांत शरीर लवचिक राहते, डीएनए मात्र हळूहळू तुटत जातो. म्हणून उजव्या बाजूचे एक-दोन पाय काढून ९५ टक्क्यांच्या वेगळ्या कुपीत उणे २० अंशांवर ठेवावेत, बाकीचा कोळी ७५ टक्क्यांत. डावी बाजू शाबूत हवी, कारण रेखाटन सहसा डाव्या पाल्पचे करतात. दोन्ही कुप्यांत एकच क्रमांक, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतच. इथे अदलाबदल झाली, तर पुढचे कोणतेही विश्लेषण ती सावरू शकत नाही.

एपिगाइन कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात ठेवली की भोवतालचे मऊ ऊतक विरघळते आणि आतल्या शुक्रकोशांच्या नळ्या दिसू लागतात. दर काही मिनिटांनी बघत राहा. जास्त वेळ राहिली तर नाजूक नळ्याही फिक्या होऊन हरवतात. समागमानंतर काही माद्यांच्या छिद्रावर बूच बसते. ते न काढता पाहिले, तर एकाच प्रजातीच्या दोन माद्या वेगळ्या भासतात. नराच्या पाल्पचेही तसेच: फुगलेला पाल्प न फुगलेल्याशी ताडून पाहू नये.

डीएनएची सुरुवात बहुधा सीओआय या मायटोकाँड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या) जनुकाच्या सुमारे ६५८ अक्षरांच्या तुकड्याने होते. एकमेकांशी जुळत नसलेले नर-मादी किंवा बेवारशी पिल्लू एका नावाखाली आणायला हा तुकडा फार उपयोगी. क्रम हाती आला की अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियल संकेताने प्रथिनात वाचून बघा. मध्येच थांबा-संकेत, म्हणजे प्रथिनाची साखळी तिथेच संपवणारी खूण, आला, तर केंद्रकात शिरलेली खोटी प्रत वाचली गेल्याची शक्यता मोठी.

खरी अडचण याच्या पुढे सुरू होते. सीओआय फक्त आईकडून येतो. बिळात राहणाऱ्या कोळ्यांच्या माद्या आयुष्यभर जवळपास एकाच जागी राहतात, हिंडतात ते नर. साहजिकच दर डोंगराचा सीओआय वेगळा निघतो आणि संगणक त्याच्या दहा प्रजाती करून देतो. उलट वोल्बाकियासारख्या, आईकडून पिल्लांत जाणाऱ्या जिवाणूमुळे किंवा संकरामुळे दोन प्रजातींचा सीओआय सारखाच येऊ शकतो. म्हणून केंद्रकातील अनेक जनुकांची साक्ष घ्यावीच. उत्तर अमेरिकेतील अ‍ॅफोनोपेल्मा या टॅरांटुलांचे (मोठ्या केसाळ कोळ्यांचे) २०१६ चे पुनरावलोकन यासाठी जरूर पाहावे: शरीर, जनुके आणि भूगोल एकत्र मांडून अमेरिकेतल्या २९ प्रजाती मान्य झाल्या. त्यांतल्या १४ नव्या होत्या, आणि जुनी कित्येक नावे त्याच कामात बाद झाली.

जनुके दोन गट दाखवतात आणि पाल्प एकच, असे झाले तर आधी नकाशा उघडा. नमुने दोन टोकांचेच असतील, तर अंतरानुसार सावकाश होणारा बदलही सीमारेषेसारखा दिसतो. अशा वेळी नाव देण्याआधी मधल्या पट्ट्यातले कोळी गोळा करावेत.